सावली कोणत्या हेडखाली?

पंतप्रधानांच्या ७५व्या वाढदिवसाच्या निमित्ताने राज्य सरकारने सप्टेंबर २०२५मध्ये ‘नमो उद्यान’ योजना जाहीर केली. राज्यातल्या ३९४ नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना एका बागेसाठी प्रत्येकी १ कोटी रुपये. हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, वसमत, कळमनुरी या तीन नगरपरिषदा आणि औंढा नागनाथ, सेनगाव या दोन नगरपंचायती आहेत. म्हणजे हिशेबाने ५ कोटी. नावावरून जो वाद व्हायचा तो होऊ द्या. प्रश्न असा आहे, की मे महिन्यात पारा ४२-४३वर असताना या बागेत भरदुपारी लेकरू घटकाभर बसू शकेल का? आपल्याकडे बागेचं अंदाजपत्रक म्हटलं की कमान, कंपाउंड, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, लॉन आणि रंगीत कारंजं हे ठरलेलं. सावली त्यात नसते. खेळायला पाणी तर नसतंच. विषय काढला की काही ठरावीक वाक्यं ऐकू येतात.

‘नगरपरिषदेकडे बागेसाठी पैसा कुठे आहे?’

पैसा येतो, पण तो ‘कामा’साठी येतो आणि कोणतं काम हे हेड, म्हणजे लेखाशीर्ष, ठरवतं. जिल्हा वार्षिक योजनेतून नगरोत्थानचा निधी मिळतो, त्यात उद्यानविकास बसतो. २०१५ची पहिली ‘अमृत’ योजना मुख्यतः १ लाखावर लोकसंख्येच्या शहरांसाठी होती. २०११च्या जनगणनेत ८५ हजारांच्या घरात असलेलं हिंगोली त्या मापात बसत नव्हतं. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या ‘अमृत २.०’ने ही अट काढली आणि पाणीपुरवठ्याबरोबर तलावांचं पुनरुज्जीवन व हिरव्या जागाही त्यात घेतल्या. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, आमदारालाही निधी असतो. १९७५च्या शहरी वृक्ष संरक्षण कायद्याने वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष उपकर दिलेला आहे. आपल्या घरपट्टीच्या पावतीवर तो उपकर दिसतो का, एकदा बघा.

अडचण पुढे आहे. २०२१ ते २०२६साठी पंधराव्या वित्त आयोगाने लहान शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता. त्यातला निम्मा स्वच्छता व घनकचऱ्यासाठी, निम्मा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी. त्यातून झोपाळा घेता येत नव्हता. उरलेला ४० टक्के मोकळा होता, पण त्यातून पगार देता येत नव्हता. आता बागेला सगळ्यात जास्त गरज कशाची? माळ्याची आणि पंप चालवणाऱ्या माणसाची. खासदार निधीही टिकाऊ मालमत्ता उभी करण्यासाठी आहे, दर महिन्याच्या खर्चासाठी नव्हे. म्हणून बांधायला पैसा आणि चालवायला ठणठणाट, असं चित्र दिसतं. बागेच्या कोपऱ्यातला स्टीलचा वॉटर कूलर आठवून बघा. वर देणगीदाराचं नाव ठळक, खाली नळाची तोटी गायब.

पण याच नियमांत एक वाटही होती. पाऊसपाणी साठवण आणि पुनर्वापर हे बंधित निधीतून करता येत होतं. बागेतला पुनर्भरण खड्डा, छताचं पाणी साठवणारी टाकी, खेळून वाहिलेलं पाणी झाडांना नेणारी पाइपलाइन ही कामं तशीच आहेत. ‘बाग’ म्हणून प्रस्ताव गेला तर अडकतो, ‘पाण्याचा पुनर्वापर’ म्हणून गेला तर पुढे सरकण्याची शक्यता असते. हुशार अभियंत्याला हे सांगावं लागत नाही.

‘ऊन ही आपत्ती आहेच, आपत्तीचा निधी मिळेल की!’

इथे बहुतेकांची गफलत होते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळण्यासाठी केंद्राची अधिसूचित आपत्तींची यादी आहे. २०२१-२६च्या काळातल्या यादीत दुष्काळ, पूर, गारपीट, भूकंप, अगदी टोळधाडीसारखा कीडहल्लाही होता. थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. राज्यांना स्थानिक आपत्तींसाठी या निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग वापरायची मुभा होती, एवढंच. मात्र पंधराव्या वित्त आयोगाने प्रतिसादाच्या जोडीला सौम्यीकरण निधी वेगळा काढला, आपत्ती व्यवस्थापनाच्या एकूण रकमेच्या २० टक्के. माणसं दगावल्यावर मदत देण्यापेक्षा ती दगावू नयेत म्हणून आधी खर्च करायचा, हा त्यामागचा विचार. सावली त्याच विचारात बसते. पण तसा प्रस्ताव खालून, जिल्ह्यातून जावा लागतो.

‘प्यायला पाणी नाही आणि म्हणे पाण्याचा खेळ!’

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. ‘जलदूत’च्या पहिल्या खेपेत ५ लाख लिटर आलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं, कारण खेळपट्ट्यांवर ओतलं जाणारं पाणी लोकांच्या डोळ्यांवर येत होतं. मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याचा खेळ खटकला तर त्यात नवल नाही.

पण हाच माणूस लॉनकडे बघून खूश होतो, हे मला कळत नाही. हिशेब साधा आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात लॉन हिरवं ठेवायचं तर रोज निदान ५ मिलिमीटर धरा. १० गुंठे लॉन म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. रोजचे ५,००० लिटर. दोन महिन्यांचे ३ लाख, म्हणजे लातूरला पहिल्या खेपेत आलेल्या पाण्याच्या निम्म्याहून जास्त. आणि त्या लॉनवर पाटी असते : ‘हिरवळीवर चालू नये.’

आता पाण्याचा खेळ. त्यासाठी हौद किंवा तलाव लागत नाही. खरबरीत, उताराची फरशी, जमिनीतून किंवा खांबावरून येणारे सहा फवारे आणि एक बटन. लेकराने बटन दाबलं की मिनिटभर पाणी येतं आणि आपोआप थांबतं. फवाऱ्यातून मिनिटाला ८ लिटर धरा, संध्याकाळचे दोन तास धरा, त्यातला तिसरा हिस्सा वेळ पाणी प्रत्यक्ष चालू आहे असं धरा. १,९०० लिटरच्या आसपास येतं. पुन्हा त्यातलं बरंचसं गटारात न जाता उताराने कडुनिंब-करंजाच्या आळ्यात जातं, म्हणजे झाडांना तेवढं कमी घालावं लागतं. निम्मं लॉन काढलं, तरी हा खेळ चालून वर पाणी उरतं.

तरीही अट हवीच. सिद्धेश्वर धरणातला साठा अमुक टक्क्यांखाली गेला किंवा शहराच्या नळाला पाणी येण्याचे दिवस लांबले, की फवारे बंद. ही अट ठरावातच लिहावी. टंचाईच्या वर्षी खेळ चालू ठेवायचा की नाही हे माळ्याच्या किंवा नगरसेवकाच्या मर्जीवर सोडलं, तर पहिल्याच उन्हाळ्यात मोर्चा येईल, आणि तो बरोबर असेल.

पाणी आणि सावली एकत्र बांधणं हे परदेशातून आलेलं खूळ आहे, असं वाटत असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत जाऊन यावं. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून तिथवर आणलं. त्यावर आधी चक्की फिरली, मग हौद भरला. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे, आणि उन्हाळ्यात त्या दालनात शिरलं की फरक अंगाला कळतो. बाहेर जुना वड आहे. एकाच पाण्याकडून दोन-तीन कामं करून घ्यायची अक्कल या मुलखात अठराव्या शतकात होती.

‘सावली पाहिजे ना? मग पत्रे टाका.’

उन्हाचा त्रास हवेच्या तापमानाने होतो तेवढाच, किंबहुना जास्त, अंगावर येणाऱ्या किरणांनी होतो. झाडाखाली हवा काही दहा अंशांनी उतरत नाही. तरी तिथे जीव निवतो, कारण वरून येणारा मारा थांबतो आणि पान स्वतः पाणी सोडत असल्याने फारसं तापत नाही. उघडा पत्रा ऊन अडवतो, पण तापून स्वतःच शेगडी होतो आणि ती आच खाली डोक्यावर सोडतो. त्यातून तो आठ फुटांवर ठोकलेला असेल तर पाहायलाच नको. पत्राच टाकायचा असेल तर उंच, वरून पांढरा, चारही बाजू मोकळ्या आणि खाली तट्ट्या किंवा बांबूचा दुसरा थर, एवढं तरी करावं.

त्याहून स्वस्त पर्याय आपल्या शेतकऱ्यांना पाठ आहे, शेडनेट. ५० टक्के, ७५ टक्के असे त्याचे प्रकार दुकानात मागून मिळतात. जाळीतून वारा जातो, गरम हवा कोंडत नाही. धोका एकच, एप्रिल-मेमधला वादळी वारा आणि गारपीट. पक्की बांधलेली जाळी खांबासकट जाते. म्हणून ती कप्प्याकप्प्यांत, सोडता येईल अशी बांधायची आणि जूनमध्ये उतरवून ठेवायची. हे मांडववाल्याला विचारा, तो नीट सांगेल.

झाडांचंही तेच. बागेत ओळीने पाम लावतात, त्याच्या सावलीत मांजरही मावत नाही. गुलमोहर दिसायला देखणा, पण ऐन एप्रिल-मेमध्ये तो फुलतो तेव्हा पानं जेमतेम असतात. दाट सावली तो पावसाळ्यात देतो, तेव्हा ती कोणाला हवी असते? कडुनिंब मार्च-एप्रिलात नवी पालवी घेऊन मेपर्यंत भरलेला असतो. करंज, चिंच, वड, पिंपळ आपल्याच मातीतले आहेत. झाडाला सावली द्यायला सात-आठ वर्षं लागतात, हे खरं. तेवढ्या वर्षांसाठी जाळी आहेच. दोन्ही एकाच अंदाजपत्रकात हवीत. आणि जी चिंच पन्नास वर्षं तिथे उभी आहे, ती तोडून पेव्हर बसवू नयेत. वृक्ष संरक्षण कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला ‘हेरिटेज’ म्हटलं आहे.

खेळण्यांचा विचार सावलीच्या आधी होतो, तो नंतर व्हायला हवा. मे महिन्यात सकाळी अकराला उन्हातल्या लोखंडी घसरगुंडीला हाताचा पंजा टेकवून बघा. मोठ्या माणसालाही तो तसा धरून ठेवता येत नाही, आणि तिच्यावरून चड्डीतलं पोर घसरणार असतं. रबराच्या टाइल्स आणि कृत्रिम गवत त्याहून आधुनिक दिसतात, पण उन्हात तीही सडकून तापतात.

‘अजून चाळिशी कुठे गाठलीय? एवढ्यात काही होत नाही.’

मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करायला पारा किमान ४० असावा आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर असावा, किंवा थेट ४५ गाठावा, हा हवामान खात्याचा निकष आहे. तो इशारा देण्यासाठी आहे. ४०च्या आत शरीर सुरक्षित, असा त्याचा अर्थ नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक उघड्या मैदानात तासन्‌तास बसले. पारा चाळिशीच्या आत होता, हवा दमट होती, डोक्यावर छत नव्हतं. १४ जणांचा जीव गेला. शरीराच्या मानाने लहान मुलांची त्वचा जास्त, घाम कमी आणि उंची तापलेल्या जमिनीजवळची, त्यामुळे त्यांना मोठ्यांच्या आधी लागतं.

‘दुपारी बागेत येतंय कोण?’

गेटला कुलूप असल्यावर कोण येणार? सकाळी उघडायची, दहाला बंद, पुन्हा चारला उघडायची, हा शिरस्ता बागेच्या सोयीचा आहे. आठवडी बाजाराला सेनगावकडून आलेली बाई, जिल्हाधिकारी कार्यालयात तारखेला आलेला म्हातारा, सरकारी दवाखान्यात दाखल पेशंटचे नातेवाईक, एसटीची वाट बघणारे, अभ्यासिकेतून जेवायला बाहेर पडलेली पोरं यांना सावली दुपारी बारा ते चारच लागते. नागपूरने आपल्या उष्णता कृती आराखड्यात बागा दुपारी उघड्या ठेवायची तरतूद केली. याला खर्च एका रखवालदाराच्या पाळीचा.

‘फवारे म्हणजे डेंग्यूला आमंत्रण.’

डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात वाढतो. उताराच्या फरशीवर पाणी साचत नाही, बंद पडलेल्या कारंज्याच्या हौदात मात्र हमखास साचतं. खरी काळजी पाण्याच्या दर्जाची. लेकरं ते पाणी तोंडात घेणार, नाकात जाणार. केरळमध्ये २०२४ आणि २०२५मध्ये गोड्या, कोमट, अशुद्ध पाण्यातल्या अमिबाने मेंदूज्वर होऊन माणसं दगावली. म्हणून फवाऱ्याला क्लोरिनचं, पिण्याच्या दर्जाचं पाणीच हवं, आणि सुरू करण्याआधी रोज क्लोरिन तपासणारी ओटी टेस्ट. तेच पाणी फिरवून पुन्हा वापरणारी यंत्रणा कागदावर पाणी वाचवते, पण तिला गाळणी, क्लोरिनचा डोस आणि जाणता ऑपरेटर लागतो. लहान नगरपरिषदेने त्या वाटेला जाऊ नये. एकदा वापरायचं आणि झाडांना द्यायचं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. बारीक धुक्याचे फवारे मेच्या कोरड्या हवेत उत्तम चालतात आणि जूनच्या दमटपणात नुसती चिकचिक करतात. ज्याच्या घरी कूलर आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

‘बाग मंजूर झाली, आता काय करणार?’

मंजुरी म्हणजे प्रशासकीय मान्यता. त्यानंतर तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असा प्रवास असतो, आणि सावली घुसवायची जागा तांत्रिक मान्यतेच्या आधीच असते. तोवर नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे माहिती अधिकाराचा अर्ज करून, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, अंदाजपत्रकाची प्रत मागता येते. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रत हातात आली की तीन आकडे काढायचे : किती चौरस मीटर पेव्हर, किती चौरस मीटर लॉन, आणि दुपारी दोन वाजता किती चौरस मीटर सावली. तिसरा आकडा सापडला नाही तर तसं लेखी विचारायचं. निविदेत पाच वर्षांची देखभाल ठेकेदारावर टाकलेली आहे का, तेही त्याच अर्जात विचारून घ्यावं.