लायनर, पाटा आणि सत्त्याऐंशीवा चॅप्टर

ट्रकच्या मागच्या चाकाचा ब्रेक लायनर हातात घेऊन पाहा. कमानीसारखा वळलेला, बोटभर जाड, राखाडी तुकडा. त्याला रिव्हेटसाठी आरपार भोकं पाडलेली असतात आणि ड्रमला घासणाऱ्या बाजूनं ती खोलगट केलेली असतात, म्हणजे रिव्हेटचं डोकं आत बसून ड्रम ओरखडत नाही. ट्रकच्या ब्रेकखेरीज हा तुकडा कुठेच उपयोगाचा नाही. तरीही तो सुटा आयात केला, तर सीमाशुल्काच्या कायद्यात तो ट्रकचा भाग ठरत नाही. तो जातो ६८१३ या हेडिंगमध्ये, म्हणजे दगड, सिमेंट, प्लास्टर, अभ्रक यांच्या चॅप्टरमध्ये. तोच लायनर लोखंडी ब्रेक शूवर रिव्हेट मारून बसवून आणला, की ८७०८, मोटारगाड्यांच्या सुट्या भागांचं हेडिंग.

रिव्हेट मारलेत की नाहीत, एवढ्यावर वस्तूचा पत्ता बदलतो. बाहेरच्या माणसाला हे कागदी खूळ वाटेल. मला मात्र हे एक खरंखुरं कसब वाटतं, आणि वस्तू समजून घेतल्याशिवाय ते जमत नाही.

या पत्त्यांची मुळं ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेत आहेत. तिथली वर्गीकरण पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. भारतानं त्याआधीच, १९८६ मध्ये, आपल्या १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याची अनुसूची तिच्या धर्तीवर बदलून घेतली होती. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपले. व्यापारी त्याला नुसतं ‘एचएसएन’ म्हणतात.

सत्त्याऐंशीवा चॅप्टर गाड्यांचा. पण खरी चावी चॅप्टरच्या मथळ्यात नाही, ती सतराव्या विभागाच्या सुरुवातीच्या नोट्समध्ये आहे. दुसरी नोट सांगते, की अमुक वस्तू गाडीसाठीच बनवल्या असल्या तरी ‘गाडीचे भाग’ मानायच्या नाहीत. ही यादी आणि इतर चॅप्टर हातात घेऊन ट्रकभोवती एक चक्कर मारली, तर ट्रक डोळ्यांसमोर सुटा होत जातो. टायर रबरात, ४०११. चाकातलं बेअरिंग ८४८२. नटबोल्ट ७३१८. मागच्या अॅक्सलवरचा पाटा, जो भरलेल्या ट्रकचा सगळा भार झेलतो, तो ७३२० मध्ये, लोखंडी वस्तूंच्या रांगेत. पिस्टन ८४०९, टर्बोचार्जर ८४१४, स्टार्टर ८५११, हेडलाइट आणि हॉर्न ८५१२, स्पीडोमीटर ९०२९. ड्रायव्हरचं सीट तर थेट फर्निचरमध्ये, ९४०१. उरतात ते गिअरबॉक्स, क्लच, रेडिएटर, सायलेन्सर, स्टिअरिंग, शॉक अॅब्सॉर्बर. हे खरे ८७०८ चे रहिवासी.

यात मला सगळ्यात सुंदर वाटतो तो शाफ्टचा भेद. इंजिनाच्या पोटात फिरणारा क्रँकशाफ्ट ८४८३ मध्ये. गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत चासीखालून जाणारा प्रोपेलर शाफ्ट मात्र ८७०८ मध्ये. दोन्ही पोलादी, दोन्ही फिरणारे, दोन्ही ताकद पोचवणारे. नोट विचारते एवढंच, की हा शाफ्ट इंजिनाचा अंगभूत भाग आहे का? ज्यानं इंजिन उघडलेलं पाहिलंय त्याला उत्तर लगेच देता येतं. नुसतं इनव्हॉइस पाहिलेला माणूस दोन्हीकडे ‘शाफ्ट’च वाचतो.

वस्तू काय आहे हे आधी, कुठे बसते हे नंतर, हा या शास्त्राचा क्रम. सर्वोच्च न्यायालयानं १ मे २०२० रोजी गाडीत अंथरायच्या मॅट्सबद्दल असाच कौल दिला. त्या गाडीसाठी बेतून कापलेल्या असल्या तरी कापडी गालिच्यांच्या ५७०३ मध्येच राहतील, ८७०८ मध्ये येणार नाहीत. पण मार्च २०२१ मध्ये त्याच न्यायालयात, वेस्टिंगहाऊस सॅक्सबी फार्मर या कंपनीच्या खटल्यात, रेल्वे सिग्नलचे रिले विजेच्या ८५३६ मधून निघून रेल्वेच्या ८६०८ मध्ये गेले, मुख्य उपयोगाच्या कसोटीवर. मोटार उद्योगाला धास्ती पडली, की आता त्याच कसोटीवर बेअरिंगपासून वायरिंगपर्यंत सगळंच ८७०८ मध्ये ओढलं जाणार. शेवटी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला ५ जानेवारी २०२२ रोजी सूचना काढावी लागली, की हा निकाल मोटारभागांना सरसकट लावू नये, प्रत्येक वस्तू नोट्स पाहून ठरवावी.

ही धास्ती पैशाची होती. २०१८ च्या अर्थसंकल्पानं ८७०८ मधल्या अनेक भागांवरचं मूळ शुल्क १५ टक्क्यांवर नेलं होतं. शिवाय तेव्हा ८७०८ वर जीएसटी २८ टक्के होता, शेजारच्या बऱ्याच हेडिंगांवर १८. २२ सप्टेंबर २०२५ पासून एचएसएन कोणताही असो, सगळ्या मोटारभागांवर १८ टक्के झाले. हे फार आधी व्हायला हवं होतं. एका आकड्यामुळे दहा टक्क्यांचा फरक पडत असेल, तर भांडण अटळच. मूळ सीमाशुल्काचा फरक मात्र अजून आहे, आणि माहिती दडवल्याचा ठपका आला तर सीमाशुल्क खातं पाच वर्षं मागं जाऊन फरकाची डिमांड काढू शकतं. आठ-दहा कंटेनर आणणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याचं यात कंबरडं मोडतं. शंका असेल तर माल येण्याआधीच अॅडव्हान्स रूलिंग, म्हणजे वर्गीकरणाचा आगाऊ निर्णय, मागण्याची सोय आहे. ती वापरावी, असं मला मनापासून वाटतं.

न्हावाशेवाला कंटेनर उतरतो, पण २०२० मध्ये फेसलेस पद्धत आल्यापासून त्याचं बिल ऑफ एंट्री दुसऱ्याच बंदरातला अधिकारी तपासू शकतो. त्याच्यासमोर लायनर नसतो, असतात फक्त शब्द. ‘ब्रेक पार्ट्स’ एवढंच लिहिलं असेल तर तो प्रश्न पाठवणार, आणि उत्तर जाईपर्यंत कंटेनरवर भाडं चढत राहणार. म्हणून जुनेजाणते कस्टम ब्रोकर आयातदाराकडून आधी कॅटलॉग मागवतात, फोटो मागवतात, आणि विचारतात: शूवर बसवलेत की सुटे?

आणि हे पत्ते कायमचे नाहीत. फ्रेममध्ये बसवलेल्या समोरच्या काचेला २०२२ च्या आवृत्तीत ८७०८ मध्ये स्वतःची जागा मिळाली. बिनफ्रेमची साधी सेफ्टी ग्लास अजून ७००७ मध्येच आहे. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून येते आहे. तेव्हा कॅटलॉग पुन्हा टेबलावर येतील, आणि ट्रकभोवतीची ती चक्कर पुन्हा मारावी लागेल.