लाल डोऱ्याची जाडी
चंडीगडच्या पटवाऱ्याकडचा गावचा जुना नकाशा कापडावर काढलेला असतो. त्याला म्हणतात ‘लठ्ठा’. त्यावर शेतांचे चौकोन असतात आणि मधोमध वस्तीला वळसा घालणारी रेघ. तोच ‘लाल डोरा’.

खासगी परवानाधारक भूमापकांकडून मोजणी करून घेण्याचा निर्णय आपल्याकडे, महाराष्ट्रात, झाल्यापासून चर्चा आहे ती तीस दिवसांत मोजणी उरकेल का, याची. ती चर्चा व्हायलाच हवी. तीन-चार महिने तारखेची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला दुसरे काय सुचणार? पण मला खरी मेख त्या रेघेत दिसते.

पंजाबी करम साडेपाच फुटांचा. 40 करम लांब आणि 36 करम रुंद तुकडा म्हणजे एक किल्ला, 43,560 चौरस फूट, बरोबर एक एकर. आपली साखळी 33 फुटांची. तिच्या चौरसाचा गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा तोच एकर. हिशेब दोन्हीकडे चोख. पण लठ्ठ्यावर सहसा 40 करम, म्हणजे 220 फूट, एका इंचात बसवतात. तिथे अर्ध्या मिलिमीटरची रेघ प्रत्यक्ष जमिनीवर चार फुटांहून रुंद होते. दाट वस्तीत चार फूट म्हणजे कुणाचा तरी जिना किंवा न्हाणीघर.

चंडीगडचे सेक्टर 800 बाय 1200 मीटरच्या मापाने आखलेले, आणि सेक्टर 45 च्या पोटात बुडैल हे जुने गाव. लाल डोऱ्याच्या आत शेतसारा नव्हता, म्हणून घरांची वेगवेगळी मोजणीही नव्हती. आपल्याकडेही दोन हजारांहून कमी लोकसंख्येची गावठाणे अशीच मोजणीबाहेर राहिली. पुरंदर तालुक्यातील सोनोरीवर गावठाण मोजायला ड्रोन फिरला तो 2018 च्या सुमारास. कर्नाल जिल्ह्यातील सिरसी 26 जानेवारी 2020 रोजी हरियाणातले पहिले लाल डोरामुक्त, म्हणजे डोऱ्याच्या आतली घरेही मोजून नोंदवलेले, गाव ठरले. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये गावठाणांच्या ड्रोन मोजणीची केंद्राची स्वामित्व योजना आली.

चंडीगडमध्ये निशानदेही, म्हणजे हद्दीची मोजणी, आजही 1887 च्या पंजाब जमीन महसूल कायद्याच्या चौकटीत होते. आपली महसूल संहिता 1966 ची. दोन्ही कायदे साखळी आणि मोजणीच्या फळ्याच्या काळातले. उपग्रहाच्या आधारे मोजणारा रोव्हर आता सेंटिमीटरपर्यंतची जागा दाखवतो. त्याचा बिंदू आणि जुन्या टिपणातले माप जुळले नाही तर खरे कोणते मानायचे, हे कायद्यानेच स्पष्ट सांगायला हवे. नाहीतर मोजणी तीस दिवसांत होईल आणि दावा तीस वर्षे चालेल.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. खासगी भूमापक मोजणार आणि भूमी अभिलेखचा अधिकारी नकाशा प्रमाणित करणार. चूक निघाली तर शेतकऱ्याने कुणाचे दार ठोठावायचे? कर्नाटकात जमिनीचा तुकडा विकण्याआधी लागणारा नकाशा परवानाधारक भूमापक कित्येक वर्षे करत आले आहेत, तेव्हा ही वाट नवी नाही. आपल्या नियमांत मात्र काही गोष्टी ठामपणे लिहिलेल्या असाव्यात. मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीवर भूमापकाचे नाव आणि परवाना क्रमांक हवा. चुकीची मोजणी त्याने स्वखर्चाने पुन्हा करावी. नात्यागोत्यातली जमीन मोजायला त्याला बंदी असावी. आणि लगतधारकाला नोटीस मिळाल्याची सही असल्याशिवाय बांधावर यंत्र लावूच नये. त्याची हरकत तिथेच, त्याच्या शब्दांत नोंदवून घ्यावी.