काकाची गाडी आणि पुऱ्यांची पंगत

परवा धाकटा काका साताऱ्याहून नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला. आल्या आल्या त्याने आमच्या बाल्कनीतून वायर खाली सोडली आणि गाडी चार्जिंगला लावली. (असं लोंबतं काम तुम्ही कुणाला करू देऊ नका. काकालाही नंतर भरपूर बोलणी बसली.) संध्याकाळचे सात वाजलेले. आत गीझर चालू, एसी चालू. आजीने चटणीसाठी मिक्सरचं बटण दाबलं आणि... खट्ट!

"लाईट गेली," आजी म्हणाली. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या इमारतीत झगमगाट. गेली होती ती फक्त आमची. भार झेपेना म्हणून एमसीबी पडला होता.

घरच्या सॉकेटवर गाडी चार्ज करायची म्हणजे साधारण 3 किलोवॉट वीज लागते. चाळीस पंखे एकदम लावल्यासारखं! पार्किंगमध्ये मोठा चार्जर बसवला तर तोच आकडा 7 किलोवॉटवर जातो. आता सगळ्या गल्लीला वीज पुरवणारी, कोपऱ्यावरची डीपी आठवा. तीच, दोन खांबांवर बसून 'हूंऽऽऽ' करणारी. हा आवाज म्हणजे तिच्या पोटातलं लोखंड थरथरत असतं. आपली वीज सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होते आणि प्रत्येक वेळी ते लोखंड दोनदा किंचित ताणलं जातं, म्हणून थरथर सेकंदाला 100 वेळा. (ऐकायचं ते लांबूनच!) डीपीवर 200 केव्हीए लिहिलेलं असेल, तर ती जेमतेम 200 किलोवॉट पेलते. 7 किलोवॉटच्या 28 गाड्या लागल्या की संपलं. मग गल्लीत एकही पंखा फिरायला नको.

पण डीपी बदलून मोठी बसवता येते. खरी गंमत त्याच्याही मागे आहे.

लग्नातल्या पुऱ्या आठवा. कढईतून निघाली की थेट पानात. विजेचं अगदी तसंच आहे. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी कुठल्यातरी वीजकेंद्रात तेवढी वीज तयार व्हावी लागते, कारण सगळ्या राज्याची वीज भरून ठेवायला एवढं मोठं टोपलंच नाही. जेवणारे वाढले आणि पुऱ्या कमी पडल्या तर जनित्रं दमतात, थोडी हळू फिरू लागतात आणि विजेच्या सेकंदाला 50 हेलकाव्यांचे 49.9 होतात. उलट झालं तर 50 च्या वर. हा काटा 50 च्या जवळ धरून ठेवायला माणसं रात्रंदिवस पडद्याकडे बघत बसलेली असतात.

त्यांची परीक्षा बघणारी एक रात्र तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. 5 एप्रिल 2020. कोरोनाच्या टाळेबंदीत, रात्री 9 वाजता देशभर लोकांनी ठरवून 9 मिनिटांसाठी दिवे मालवले. मागणी सुमारे 31,000 मेगावॉटने कोसळली आणि दिवे लागताच पुन्हा चढली! पंगत एकदम उठली आणि लगेच परत बसली, असं समजा. तेव्हा कामाला आली धरणांवरची वीजकेंद्रं. पाणी झटकन कमी करता येतं, झटकन सोडता येतं. कोळशाच्या भट्टीला ती चपळाई नाही.

आता लाखो गाड्या रोज संध्याकाळी सातला घरी येऊन वायर लावू लागल्या तर? नेमका तेव्हाच सूर्य मावळलेला, म्हणजे सौर पॅनल झोपलेले आणि घरोघरी टीव्ही, एसी, स्वयंपाक चालू.

पण गाडी हा फार समजूतदार पाहुणा आहे. तिला सातलाच जेवायचं नसतं. सकाळी आठपर्यंत पोट भरलं की झालं. मग तिला शेवटच्या पंगतीला, मध्यरात्रीनंतर बसवायचं. किंवा दुपारी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, ऊन भरपूर असताना. म्हणून तर आपल्याकडे स्मार्ट मीटरवाल्या घरांना दिवसाची वीज थोडी स्वस्त लावतात.

आणि हा पाहुणा डबा घेऊन येतो! गाडीच्या बॅटरीत 30-40 युनिट मावतात. घरातल्या इन्व्हर्टरची ती जाडजूड बॅटरी असते ना, तशा वीसेक. ही वीज परत तारांत सोडता आली तर? अमेरिकेतल्या विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंद्रे यांनी हे 1997 सालीच लिहून ठेवलं होतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरात आता भाड्याच्या काही गाड्या खरोखर असं करतात. दुपारी वीज पितात, संध्याकाळी शहराला पाजतात.

आपल्या भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला हाच खेळ पाण्याने चालतो. उरलेल्या विजेने पाणी खालून वर चढवायचं आणि गर्दीच्या वेळी ते खाली सोडून वीज करायची, 250 मेगावॉटपर्यंत. एक लाख गाड्यांनी प्रत्येकी फक्त 3 किलोवॉट परत दिले, तर होतात 300 मेगावॉट. म्हणजे पार्किंगमध्येच घाटघर!

अडचणीही आहेत. देताघेता बॅटरी थोडी झिजते. वीज उलटी पाठवणारा वेगळा चार्जर लागतो, तो महाग असतो. आणि तारेवर काम करणाऱ्या वायरमनला, पुरवठा बंद केल्यावर मागून कुणाच्या गाडीतली वीज येणार नाही, याची पक्की खात्री हवी.

हे सगळं मी आजीला समजावून सांगितलं. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "मग मघाशी माझ्या मिक्सरला काकाच्या गाडीतली वीज का नाही घेतली?"

"ही गाडी फक्त घेते गं. परत देत नाही," काका चकल्यांच्या डब्यात हात घालत म्हणाला.

"हो का?" आजी म्हणाली. "तुझ्यावर गेलीय अगदी."