डॉमिनिक पेकातचा गज

व्हायोलिनचा विषय निघाला की स्ट्राडिव्हारीचं नाव हमखास येतं. गज कोणी घडवला, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर सूर ओढून काढतो तो गजच. म्हणून हा लेख डॉमिनिक पेकात या गजकारागिराबद्दल.

पेकातचा जन्म 1810 साली पूर्व फ्रान्समधल्या मिरकूरचा. वडिलांचा व्यवसाय केस कापण्याचा. गाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन आणि गज घडवणारं. सोळाव्या वर्षी तो पॅरिसला झां-बातिस्त व्हियोम या व्हायोलिनकाराच्या कारखान्यात लागला. पुढे 1838च्या सुमारास त्याने फ्रान्स्वा ल्युपो या गजकारागिराची कर्मशाळा चालवायला घेतली. 1847 साली तो गावी परतला आणि 1874 मध्ये तिथेच वारला.

त्याची खरी करामत दिसते ती गजाच्या काठीत. परनांबुको या ब्राझिली लाकडाची काठी आधी सरळच कापतात आणि रंध्याने अष्टकोनी करतात. मग ती निखाऱ्यांवर धरून थोडी थोडी तापवत, जिथे पुढे घोड्याचे केस ताणले जातात त्या बाजूला बाक देत जातात. धग थेट गाभ्यापर्यंत पोचावी लागते. नुसता वरचा थर तापला, तर दिलेला बाक टिकत नाही. ही रीत पक्की केली ती आधीच्या पिढीतल्या फ्रान्स्वा तूर्तने. व्हियोमने तूर्तचे गज मोजले, तेव्हा काठी मुठीकडे 8.6 मिलिमीटर आणि टोकाकडे 5.3 मिलिमीटर जाड भरली. एवढ्याशा फरकावर साऱ्या गजाचा तोल अवलंबून! पेकातने याच घडणीत जास्त ताकद आणली. त्याची काठी दमदार, टोक कुऱ्हाडीच्या पात्यासारखं उंच आणि धारदार. मोठ्या सभागृहात भरदार सूर हवा असणारे वादक आजही त्याच्या गजासाठी जीव टाकतात.

पण त्याचे गज ओळखणं सोपं नाही. व्हियोमच्या कारखान्यात घडवलेल्या गजांवर शिक्का मालकाचा, आणि स्वतःच्या कित्येक गजांवर त्याने शिक्का मारलाच नाही. त्यामुळे जाणकारांना टोकावरच्या पटाशीच्या खुणांवरून त्याचा हात ओळखावा लागतो. त्यातच नकला अमाप.

त्याहून मोठी चिंता लाकडाची. लाल रंगासाठी परनांबुकोची शतकानुशतकं तोड झाली, आणि ज्या किनारी अरण्यात तो वाढतो ते अरण्यही शेती आणि शहरांनी गिळलं. 2007 पासून या लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. गज घडवणाऱ्यांनीच पुढाकार घेऊन रोपं लावली आहेत. पण गजाजोगं लाकूड तयार व्हायला काही दशकं जातात. कार्बन फायबरचे गज आता चांगले निघतात आणि शिकणाऱ्याने ते बेलाशक घ्यावेत. जंगल वाचवायचं असेल तर हाच मार्ग धरावा लागेल.

आणि घरात जुना लाकडी गज असेल, तर वाजवून झाल्यावर त्याचा स्क्रू न चुकता सैल करा. केस ताणलेलेच राहिले, तर निखाऱ्यावर कमावलेला तो बाक हळूहळू निघून जातो.