रफीसाहेब गेले तेव्हा तुम्ही कुठे होता?

३१ जुलै १९८०, गुरुवार. रमजानचे निम्म्याहून अधिक रोजे झाले होते आणि मुंबईत पावसाचा जोर होता. त्या रात्री साडेदहाच्या सुमारास मोहम्मद रफी यांचा हृदयविकाराने इंतकाल झाला. वय होते अवघे ५५. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, भर पावसात वांद्र्याहून त्यांचा जनाजा निघाला आणि जुहूच्या कब्रस्तानात दफन झाले. वाटेवर हजारो माणसे भिजत उभी होती.

आज ज्यांनी साठी ओलांडली आहे, अशा घरातील कोणालाही विचारा, “रफीसाहेब गेले हे तुम्हाला कुठे कळले?” बहुतेक जण क्षणभर थांबतात आणि मग थेट जागा सांगतात. कोणी एसटी स्टँड सांगतो, कोणी गिरणीचे गेट, कोणी मोहल्ल्यातील चहाचे हॉटेल. त्या वर्षी ईदला कोणते कपडे शिवले होते हे आठवत नाही, पण ही बातमी कोणी सांगितली ते आठवते.

त्यामागे कारण आहे. अमृतसर जिल्ह्यातील कोटला सुलतान सिंग या गावात १९२४ साली जन्मलेला हा गायक आपल्या घरांतही ऐकला जात होता. मराठी बोलणाऱ्या मुसलमान कुटुंबांना तर तो दुहेरी जवळचा वाटे. श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतात त्यांनी मराठी गीतेही गायली. त्यांची मातृभाषा पंजाबी, पण आपल्या भाषेत ते मनापासून गायले, याचा अनेक घरांत अभिमान होता. गाण्याबद्दल आपल्या घरांत एकमत नव्हते आणि आजही नाही. तरीही ज्या घरात गाणे लागत नसे, तिथेही त्यांच्यासाठी मगफिरतची दुआ झाल्याचे जुनी माणसे सांगतात.

दोन भावंडे, दोन आठवणी

आमच्या आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावात, या आठवणीवरून दरवर्षी वाद होतो. मामू म्हणतात, “तरावीह पढून बाहेर पडलो, तर मशिदीच्या पायरीवरच कुणीतरी सांगितलं.” खालाजान म्हणतात, “छे! सहरीला भाकऱ्या थापत होते, तेव्हा ट्रान्झिस्टरवर ऐकलं. तुम्हीच तर माझ्याकडून ऐकलंत.” दोघेही शपथ घ्यायला तयार.

घड्याळ मांडून पाहिले तर दोघांचीही बाजू लंगडी पडते. इंतकाल झाला साडेदहाच्या सुमारास. तोवर गावातील तरावीह संपून लोक घरी गेलेले असत. मुंबईची बातमी इतक्या लगेच कोकणातल्या मशिदीच्या पायरीवर पोहोचणे कठीण. आकाशवाणीची सकाळची सभा त्या काळी सहाच्या आसपास सुरू होई, म्हणजे सहरीची वेळ संपल्यानंतर. शिवाय नानी सांगत की, रमजानमध्ये ट्रान्झिस्टर कपड्यात गुंडाळून ठेवलेला असे. मग खोटे कोण बोलते? कोणीच नाही.

मन असे का करते?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी यावर एक साधा प्रयोग केला. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झाले. ही बातमी कुठे आणि कशी कळली, हे त्यांनी विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांची उत्तरे पूर्णपणे वेगळी निघाली. तरीही अनेकांना आपल्या आठवणीची पक्की खात्री होती. त्यांच्याच हस्ताक्षरातील कागद समोर ठेवला, तरी नवी आठवण त्यांना सोडवेना.

अडीच वर्षांत ही गत, तर ४५ वर्षांत काय होणार? अशी आठवण आपण वारंवार सांगतो आणि दर वेळी थोडी जुळवून घेतो. त्या महिन्यातील रोजची दृश्ये, म्हणजे मशिदीची पायरी, सहरीची चूल, पावसाचा आवाज, त्या बातमीला येऊन चिकटतात. वेळ चुकते, पण रमजान होता, पाऊस होता आणि घरातील सगळे गप्प झाले होते, हे मामू आणि खालाजान दोघेही सारखेच सांगतात. ते खरे आहे.

कबर उरली नाही

या आठवणींना आणखी एका कारणाने मोल आहे. जुहूच्या कब्रस्तानात जागा अपुरी पडू लागली, तेव्हा २०१० मध्ये जुन्या कबरींवरील बांधकाम काढण्यात आले. रफी, मधुबाला, नौशाद, साहिर यांच्या कबरींच्या खुणाही त्यात गेल्या. चाहते आता जवळच्या एका नारळाच्या झाडावरून रफीसाहेबांच्या कबरीची जागा ओळखतात. नव्या मय्यतींना जागा हवी, ही गरज खरीच आहे. पण दगडाची खूण गेल्यावर माणसांच्या मनातली खूण तेवढी उरते, आणि ती माणसेही आता थकत चालली आहेत.

नव्या पिढीचीही अशी आठवण तयार झाली आहे. माहीममध्ये वाढलेले उस्ताद झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत गंभीर आजारी होते. त्या रात्री मोबाइलवर त्यांच्या निधनाची बातमी आली, मग ती खोटी असल्याचे सांगण्यात आले आणि दुसऱ्या सकाळी कुटुंबाने दुजोरा दिला. त्या रात्री तो संदेश तुम्हाला कोणी पाठवला, हे आजच लिहून ठेवा. काही वर्षांनी तुमचाही मामू-खालाजान वाद होईल.

घरी विचारताना

वडीलधाऱ्यांना एकेकटे विचारा. सगळ्यांसमोर विचारले की मोठ्या आवाजाची आठवण जिंकते. “किती वाजता?” असे विचारण्यापेक्षा “हातात काय काम होते? कोणी सांगितले? मग घरात काय झाले?” असे विचारा. जे तेव्हा शाळेत होते, त्यांना सांगा की १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथीही असते. त्या दिवशीच्या भाषणांवरून पुढचे आठवेल. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर दोन्ही लिहा. कोणाला खोडू नका. वहीवर सांगणाऱ्याचे नाव आणि त्या दिवसाची तारीख घाला.

या निमित्ताने घरातील बुजुर्ग तासभर बोलतील. रफीसाहेबांपासून सुरू झालेले बोलणे त्या वर्षीच्या इफ्तारीवर, गावच्या पुरावर, मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या थोरल्या भावावर जाईल. जाऊ द्या. तेही लिहून घ्या.