जुन्या मोटारीचा ओव्हरड्राइव्ह : खोलण्यापूर्वी तपासा

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही छोटी स्पोर्ट्स कार हौशी संग्राहकांनी आजही धावती ठेवली आहे. यांपैकी अनेक गाड्यांत चार गिअरांच्या मागे लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह बसविलेला असतो. तो चालेनासा झाला की गिअरबॉक्स उतरविण्याचा सल्ला फार तत्परतेने दिला जातो. या गाडीत त्यासाठी इंजिनही बाहेर काढावे लागते. मजुरीचे बिल फुगते, आणि दोष मात्र एखाद्या सैल वायरचा निघतो. खात्यात फरक आला म्हणून कोणी वही फाडीत नाही. आधी पावत्या ताडून पाहतो.

यंत्राची रचना मोठी चतुर आहे. गाडी धावत असता फिरत्या दांड्यावर चालणारा एक लहान पंप गिअरबॉक्समधील तेलाचा दाब वाढवितो. स्विच दाबताच सोलेनॉइड झडपेला हलवितो, दाबाखालील तेल शंकूच्या आकाराचा क्लच सरकविते आणि चाकांकडे जाणारा दांडा इंजिनापेक्षा जलद फिरू लागतो. नंतरच्या एमजीबीतील एलएच प्रकारात हे प्रमाण ०.८२ आहे, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ३,००० फेऱ्या लागत तेथे सुमारे २,४६० पुरतात. पेट्रोल वाचते, आवाज कमी होतो.

तपासाचा आरंभ विजेपासून करावा. इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी, चौथा गिअर टाकावा आणि ओव्हरड्राइव्हचा स्विच चालू-बंद करावा. गाडीखालून ‘टक्’ असा आवाज आला तर सोलेनॉइडपर्यंत वीज पोहोचत आहे. आवाज नसेल तर वायरींचे जोड, स्विच, आणि गिअरबॉक्सवरील तो दुसरा छोटा स्विच पाहावा, जो खालच्या गिअरांत ओव्हरड्राइव्ह लागूच देत नाही. मालकाला बहुधा त्याची खबरच नसते!

आवाज येतो, पण ओव्हरड्राइव्ह लागत नाही किंवा चढावर घसरतो, असे असल्यास तेल पाहावे. पातळी कमी असेल वा जाळी गाळाने तुंबली असेल तर दाब तयार होत नाही. जाळी काढताना स्वच्छता सोवळ्यासारखी पाळावी. धुळीचा एक कणही झडप अडवू शकतो. एमजीबीच्या गिअरबॉक्सला इंजिनाचेच २०डब्ल्यू-५० तेल चालते. घर्षण कमी करणारी महागडी द्रव्ये मात्र त्यात कदापि घालू नयेत, कारण तो क्लच घर्षणावरच तर पकड घेतो. इतके करूनही दाब मिळाला नाही, तरच दाबमापक लावणाऱ्या जाणत्या कारागिराकडे जावे.

उलट प्रकारचा बिघाड अधिक घातक असतो. स्विच बंद करूनही ओव्हरड्राइव्ह सुटत नसेल, तर गाडी रिव्हर्समध्ये घेऊ नये, हाताने मागे ढकलूही नये. आतील एकाच दिशेने फिरणारा क्लच अशा वेळी अडकतो आणि संपूर्ण भाग फुटू शकतो. प्रथम सोलेनॉइडची वायर काढून पाहावी. तरीही न सुटल्यास गाडी पुढच्याच दिशेने ओढून गॅरेजला न्यावी.