आग विझल्यानंतरची हजेरी

फाल्गुन सरत आला की आमच्या मुळगावच्या डोंगराचा रंग पालटतो. काजूच्या झाडांखाली पाचोळ्याचा थर साचतो, मधले गवत वाळून कागदासारखे वाजू लागते, आणि एखाद्या दुपारी कोणाच्या तरी विडीच्या थोटकाने किंवा बागायत साफ करताना लावलेल्या जाळाने सारी उतरण पेटते. २०२३ च्या मार्च महिन्यात गोव्यातील म्हादई अभयारण्यात दिवसचे दिवस वणवे जळत होते आणि नौदलाची व वायुदलाची हेलिकॉप्टरे वरून पाणी ओतत होती, हे वाचकांनी वृत्तपत्रांतून वाचले असेलच. त्याच दिवसांत आमच्या घरामागची उतरणही पेटली. डिचोलीहून बंब आला. पण बंबाची धाव रस्त्यापुरती, पुढे पायवाट. तेव्हा जवानांनी हिरव्या फांद्या तोडून हाती घेतल्या, ते डोंगर चढले आणि आग झोडपून विझवू लागले.

त्या जवानांत आमचा एक जुना विद्यार्थी होता. दीड तासाने तो खाली आला तेव्हा आम्ही त्याला ओळखलेच नाही. चेहरा काजळीने माखलेला, ओठ पांढरे पडलेले, आणि तांब्यातले पाणी पिताना हात थरथरत होते. इतक्यात वरून कोणी ओरडले, पलीकडच्या बाजूने पुन्हा जाळ उठला होता. पोरगा उठून उभा राहिला. त्यांचा म्होरक्या हा पन्नाशीकडे झुकलेला, कमी बोलणारा गृहस्थ. त्याने त्याचे मनगट धरून नाडी पाहिली आणि त्याला पुन्हा खाली बसवले. "मला काही झालेलं नाही," असे पोरगा कुरकुरला. त्यावर म्होरक्या म्हणाला, "झालंय की नाही, ते तू नाही सांगायचं. ते मी सांगायचं." संभाषण अर्थातच कोकणीत झाले; आम्ही त्याचा आशय मराठीत दिला आहे. विद्यार्थी आमच्यासमोर हिरमुसला. आम्हांलाही त्या क्षणी म्होरक्या जरा कठोरच वाटला. गुरुजींच्या देखत पोराला पराक्रम करू द्यायला काय हरकत होती, असा विचार आमच्या मनात आला, हे कबूल केले पाहिजे.

पुढे या विषयावर जे जे मिळेल ते आम्ही वाचू लागलो, तेव्हा आमचे मत पार बदलले.

आग विझवणारा माणूस आगीत भाजून मरतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत. परंतु त्याचा पहिला शत्रू पुष्कळदा त्याचे स्वतःचेच हृदय असते. अमेरिकेतील अग्निशामक जवानांच्या मृत्यूंचा अभ्यास २००७ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष आग विझवण्यात त्या जवानांच्या नोकरीचा अवघा १ ते ५ टक्के वेळ जातो. पण कर्तव्यावर असताना हृदयविकाराने जे मृत्यू झाले, त्यांतील सुमारे ३२ टक्के त्या एवढ्याशा वेळात झाले होते. कारण समजून घेतले तर यात नवल उरत नाही. जवान ठाण्यात झोपलेला असतो. घंटा होते आणि क्षणार्धात नाडी दौडू लागते. मग जाड पोशाख, हेल्मेट, बूट, पाठीवर हवेची टाकी, असे वीस किलोंहून अधिक ओझे घेऊन तो जिना चढतो. पोशाख बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तशीच अंगातली उष्णता बाहेरही जाऊ देत नाही. घाम वाहतो, अंगातले पाणी घटते, रक्त दाट होते, ते गोठण्याची प्रवृत्ती वाढते. आणि ते दाट रक्त हृदयाला अधिक वेगाने ढकलावे लागते. शिवाय माणूस आगीतून बाहेर आला म्हणजे संकट टळले, असेही नाही. बाहेर आल्यावरही काही वेळ शरीराच्या आतले तापमान चढतच राहते. म्हणून काही देशांत जवानांना सावलीत बसवून, जाड अंगरखा काढायला लावून, कोपरापर्यंतचे हात गार पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवायला सांगतात. उपाय साधा असला, तरी त्याने शरीर लवकर निवते. आमच्या अंगणात त्या म्होरक्याने नेमके हेच केले होते. घमेल्याऐवजी आमच्या विहिरीवरची बादली होती, इतकाच फरक.

दुसरा शत्रू धूर. पूर्वी घरे जळत ती लाकडाची, गवताची, सुताची. आज घरात गादी फोमची, खुर्ची प्लास्टिकची, पडदे कृत्रिम धाग्याचे. हे जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडसारखे जहालही हवेत मिसळते. कार्बन मोनॉक्साइड हा रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि त्याला ना रंग असतो ना वास. जवान ज्याला 'बी. ए. सेट' म्हणतात ते श्वसनयंत्र याचसाठी असते. शिक्षकाच्या सवयीने आम्ही त्याचे गणित मांडून पाहिले. सहा लिटरची टाकी, तीनशे पट दाब, म्हणजे सुमारे १८०० लिटर हवा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. पण ओझे घेऊन जिना चढणाऱ्याला चाळीस-पन्नास लिटर लागते. म्हणजे टाकी भरते जेमतेम छत्तीस ते पंचेचाळीस मिनिटे, आणि त्यात आत जाण्याइतकाच बाहेर येण्याचाही वेळ धरायचा. घाबरलेला माणूस याहून जास्त हवा ओढतो. म्हणून श्वास संथ ठेवायला शिकणे हा प्रशिक्षणाचा एक मोठा भाग असतो. अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीतून भिंतीला हात लावून रांगत जायचे, आणि तेही धांदल न करता.

याच संदर्भात लंडनची एक हकीकत आमच्या मनात घर करून राहिली आहे. २३ जानेवारी १९५८ रोजी तेथील स्मिथफील्ड बाजाराच्या तळघरात आग लागली. तळघर म्हणजे बोळांचे जाळे. त्यात शिरलेले दोन जवान परत आले नाहीत. आत कोण गेला, केव्हा गेला, त्याच्या टाकीत किती हवा उरली असेल, याची नोंद बाहेर कोणाजवळही धडपणे नव्हती. त्या दुर्घटनेनंतर तेथे शिस्त पक्की झाली. आत जाणाऱ्याने आपल्या नावाचा बिल्ला दारावरच्या माणसाकडे द्यायचा, त्याने तो फळ्यावर लावून आत जाण्याची वेळ व हवेचा दाब लिहायचा, बाहेर पडण्याची वेळ काढायची, आणि ती टळली की शोधाला माणसे पाठवायची. टाकी संपत आली की वाजणारी शिट्टीही श्वसनयंत्रांत सक्तीची झाली. हे वाचताना आमच्या मनात एकच शब्द आला, तो म्हणजे हजेरीपट. तीस वर्षे आम्ही तो भरीत आलो. पण त्याने माणसाचा जीव वाचतो, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

आता धुराच्या दुसऱ्या, सावकाश चालणाऱ्या कामाविषयी. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक ठरवला आणि त्याला पहिल्या, म्हणजे निःसंशय कारणांच्या वर्गात घातले. काजळी आणि कर्करोग यांचा संबंध मात्र फार जुना आहे. इंग्रज शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या बाबतीत तो दाखवून दिला होता. तरीही काजळीने माखलेला अंगरखा हे शौर्याचे पदक मानण्याची रीत अग्निशामक दलांत जगभर रुजली. आग विझली की मुखवटा काढायचा आणि निखारे उकरत बसायचे, ही सवयही तशीच. वास्तविक विझलेल्या ढिगाऱ्यातून घातक वायू निघतच असतात. आमचा तो विद्यार्थी एकदा घरी आला असताना सांगत होता, की पूर्वी तो गणवेश घरी नेई आणि त्याची आई तो बाळाच्या दुपट्यांबरोबर धुवायला टाकी. नव्या प्रशिक्षणानंतर त्याने ते बंद केले. गणवेश वेगळा, धुणे वेगळे, आणि घरात पाऊल टाकण्याआधी अंघोळ. आईला तो सोवळ्या-ओवळ्याचा नवा प्रकार वाटला आणि तिने त्याचे कौतुकच केले. तिची समजूत दुरुस्त करावी, असे त्याला वाटले नाही.

सोवळ्यावरून आठवले. आमच्या शेजारच्या शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीला श्री लईराईची जत्रा भरते. आमची केळबाई ही तिची बहीण, म्हणून आम्हा मुळगावकरांना त्या जत्रेचे विशेष. पेटलेल्या होमकुंडातून धोंड चालत जातात. पण एकही धोंड वाटेवरून उठून आगीत शिरत नाही. आधी कित्येक दिवस तो व्रत पाळतो, स्नान, आहार, वागणूक सारे नेमाने करतो. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी आगीजवळ जाण्यापूर्वी देह व मन तयार करावे लागते, ही जाण आमच्या भागात जुनी आहे. नोकरीतल्या जवानाचे व्रत मात्र काही दिवसांचे नसून तीस-पस्तीस वर्षांचे असते. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी एका दिवसात उरकते. त्यानंतर वजन वाढते, रक्तदाब वाढतो, रात्रपाळ्यांनी झोप बिघडते. आमच्या मते दरवर्षी हृदयाचा आलेख आणि फुप्फुसांची क्षमता तपासणे, हे बंबाच्या इंजिनाची देखभाल करण्याइतकेच आवश्यक मानले पाहिजे.

आपल्या देशात अग्निशामक अधिकारी घडविणारी प्रमुख संस्था नागपुरात आहे. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले. देशभरचे अधिकारी तेथे शिकून जातात. होज, शिडी व पंप यांच्याबरोबरच हुकूम कसा द्यावा हेही तेथे शिकवले जाते. आणि आमच्या मते सर्वांत अवघड विषय तोच.

तो का अवघड, हे मुंबईच्या इतिहासात दिसते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज पेटले. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, पाण्याचे लोट सुरू झाले. जहाज जागीच बुडवावे की बाहेर समुद्रात ओढून न्यावे, याविषयी धक्क्यावर जमलेल्यांत मतभेद होते आणि सर्वांना बांधील असा हुकूम कोणी देईना. हा घोळ चालू असताना जवान मात्र आपल्या जागी उभे होते. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जण त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

दुसरी घटना अलीकडची. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवासी बाहेर निघाले. इमारत मात्र कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तेथेच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीररीत्या भाजले, आणि त्याच महिन्यात दोघांचाही मृत्यू झाला. एका आगीत एका महानगराच्या अग्निशामक दलाचा प्रमुख व उपप्रमुख दोघेही गेले. त्यांच्यापुढे मस्तक नमवूनच हे लिहीत आहोत. यास्काने 'अग्नि' शब्दाची एक व्युत्पत्ती 'अग्रणी' अशी दिली आहे. जो पुढे असतो तो अग्रणी. आणि आपल्याकडचा नायक असा सर्वांच्या पुढेच असतो. परंतु आगीच्या जागी एका माणसाने मागे उभे राहून साऱ्या इमारतीकडे पाहिले पाहिजे. भिंतीला तडा गेला का, धुराचा रंग पालटला का, आत किती माणसे आहेत, हे त्याने टिपले पाहिजे आणि वेळ येताच शिट्टी फुंकून सर्वांना मागे बोलावले पाहिजे. त्याचे छायाचित्र कोणी छापत नाही. आमच्या अंगणातल्या म्होरक्याचेही कोणी छापले नाही. त्या रात्री पलीकडचा जाळ दुसऱ्या तुकडीने विझवला. काजूची पाच-सहा झाडे जास्त जळाली, एवढेच.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत आगीच्या सरावासाठी दलाचे लोक आले, त्यांत तोच म्होरक्या होता. घंटा झाली, मुले रांगेने पटांगणात आली, चार मिनिटांत शाळा रिकामी झाली. आम्ही मनातून खूश होतो. तो जवळ आला आणि त्याने विचारले, "सर, आज हजर किती? आणि बाहेर किती आली?"

हजेरीपट आत कपाटात होते.

आता सरावाच्या दिवशी प्रत्येक वर्गाचा हजेरीपट सर्वांच्या आधी बाहेर येतो. तो वर्गप्रमुखाच्या हाती असतो. मागच्या खेपेला इयत्ता तिसरीत एक नाव कमी भरले. ती मुलगी मागच्या नळावर पाणी पीत होती. तिला घंटा ऐकूच गेली नव्हती.